आप्पांचे चौदा हजार सहाशे

माझ्या पिग्मीच्या, म्हणजे पतसंस्थेसाठी दुकानादुकानातून रोजची बचत गोळा करायच्या, मशीनमधून शेवटची पावती निघाली ती लातूरच्या गंजगोलाईतल्या एका किराणा दुकानात. रक्कम शंभर रुपये. दुकानाचे मालक आप्पा. पावती त्यांनी नेहमीसारखी खिळ्याला टोचली आणि म्हणाले, "उद्या जरा उशिरा ये, लग्नाला जायचंय." दुसऱ्या दिवशी पतसंस्थेचं शटर उघडलंच नाही. आप्पांच्या खात्यावर तेव्हा चौदा हजार सहाशे रुपये होते.

ही गोष्ट २०१७ च्या मे महिन्यातली. त्याआधी नऊ वर्षं मी रोज दुपारी तीन ते रात्री नऊ गोलाईत फिरत होतो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातले पाच माझे होते. मिरचीवाले, गूळवाले, चपलांची दुकानं, सोनार, किराणा, सगळी मिळून १४२ खाती. संस्था बुडाली तेव्हा त्यातला एक रुपयाही माझ्याकडं नव्हता. पण १४२ माणसांनी पैसे दिले होते ते माझ्या हातात. संचालकांचं तोंडही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी प्रत्येक दुकानात जाऊन उभा राहिलो. अठरा दिवस लागले. काहींनी आरडाओरडा केला, दोघांनी कॉलर धरली. बांगडीवाल्या मावशींनी पासबुक माझ्यापुढं धरून विचारलं, "हे ठेवू का फाडू?" ठेवा म्हणालो. अजून ठेवलंय त्यांनी.

हे एवढं सांगतोय कारण हल्ली ओळखीतली पोरं विचारतात, दादा, बी.कॉम. झालंय, बँकेच्या परीक्षा देऊन कंटाळलो, एफएमसीजीत, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या मालाच्या धंद्यात, येऊ का? अकाउंट मॅनेजर म्हणजे काय, हिशेब लिहायचा का? हिशेब लिहायचा नसतो. या धंद्यात अकाउंट म्हणजे एक गिऱ्हाईक: एक वितरक, एक होलसेलर किंवा एक सुपरमार्केट. त्याच्याकडं कंपनीचा माल किती गेला, किती खपला, पैसे कुठं अडकले, हे सगळं सांभाळणारा माणूस म्हणजे अकाउंट मॅनेजर. मला मात्र तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यापासून 'खातं' असाच ऐकू येतो, आणि मला वाटतं तोच त्याचा खरा अर्थ आहे.

ऑगस्टमध्ये मी साबण, तेल, बिस्किटांच्या एका एजन्सीत सेल्समन म्हणून लागलो. महिना नऊ हजार आणि पेट्रोल. वय तेहतीस, घरी दोन लेकरं. जीएसटी लागून महिनाच झाला होता, बिलांचा सगळा गोंधळ चालू होता. मालकांनी बीट, म्हणजे रोज फिरायचा ठरलेला भाग, दिली ती नेमकी गोलाईची. रोज चाळीस काउंटर, म्हणजे दुकानं, करायचे, ऑर्डर घ्यायची, मागचं बिल वसूल करायचं. दुसरी बीट मागता आली असती. मागितली नाही.

आप्पांच्या दुकानात गेलो तर ते गिऱ्हाईकाला साखर जोखत होते. वर न बघता म्हणाले, "ये पिग्मी. आता काय घेऊन चाललास?" मी म्हणालो, घेऊन जायला नाही, माल द्यायला आलोय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टाक माल. पण बिल लगेच देणार नाही. माझे तुझ्याकडं अडकलेत, आता तुझे माझ्याकडं अडकू दे."

बिल झालं २,३४० रुपयांचं. एजन्सीची उधारी सात दिवसांची. मी मालकांना सांगितलं, हे बिल माझ्या नावावर धरा, नाही आलं तर पगारातून कापा. संध्याकाळी घरी जाताना आप्पांच्या दुकानावरून गेलो तर त्यांनी हाक मारून शंभराची नोट दिली आणि पावती मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. चोविसाव्या दिवशी शेवटचे चाळीस. प्रत्येक पावती त्यांनी त्याच खिळ्याला टोचली. त्यानंतर गोलाईत माझं कुणीच बिल अडवलं नाही.

नवीन कामात मी कोरा नव्हतो, हे मला हळूहळू कळत गेलं. कुठल्या दुकानात कुठल्या दिवशी पैसे असतात हे मला पाठ होतं. शिक्षकांच्या कॉलनीजवळचं दुकान पगार झाल्यावर भरतं. आडत बाजाराजवळची दुकानं हमालांवर चालतात. सोयाबीनची आवक जोरात असली की तिथं पाच-दहा रुपयांचे पुडे आणि शाम्पूच्या लडी संपतात, आडत बंद राहिली की आठवडाभर काही हलत नाही. ज्या दिवशी पैसे असतील त्या दिवशी, हलेल तेवढाच माल टाकायचा. माझ्या बिटीतून मुदत संपलेला माल परत यायचा तो सगळ्यात कमी. कंपनीच्या साहेबांच्या ते नजरेत आलं. २०२० मध्ये त्यांनी मला ऑफ-रोल घेतलं, म्हणजे काम कंपनीचं, पगार दुसऱ्याच एजन्सीच्या नावाने. २०२२ ला ऑन-रोल झालो. आता लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्याच्या काही भागांत मिळून सहा वितरक आणि चार स्थानिक सुपरमार्केट माझ्याकडं आहेत.

सुपरमार्केटचं काम सोपं नाही, पण ते शिकता येतं: ऑर्डरप्रमाणे माल पूर्ण पोचला का, मुदत पुरेशी शिल्लक आहे का, फळीवर आपली जागा किती. वितरकाचं काम वेगळं. तिथं एका कुटुंबाचे पैसे लागलेले असतात.

कंपनीने वितरकाला माल दिला की त्याला प्रायमरी म्हणतात, वितरकाने दुकानात दिला की सेकंडरी. आपलं टार्गेट बहुतेक वेळा प्रायमरीवर मोजलं जातं. म्हणून महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला फोन सुरू होतात: काका, चार लाखाचा उचला, स्कीम देतो. नव्या पोरांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. आकडे गोल करून सांगतो. वितरकाचा महिन्याचा धंदा पंचवीस लाख, मार्जिन पाच टक्के, म्हणजे सव्वा लाख. गाड्या, पोरांचे पगार, गोदाम, हमाली जाऊन उरले चाळीस हजार, म्हणजे वर्षाला चार लाख ऐंशी हजार. गुंतले किती? गोदामात आठ लाख, बाजारात उधारी पाच लाख, कंपनीकडं क्लेम, म्हणजे तिच्याकडून परत यायचे पैसे, अडकलेले दीड लाख, एकूण साडेचौदा लाख. वर्षाला साधारण तेहतीस टक्के सुटतात. आता त्याच्या गोदामात न खपणारा चार लाखाचा माल टाका. कमाई तेवढीच, गुंतवणूक साडेअठरा लाख. परतावा सव्वीस टक्क्यांवर आला. वरचे चार लाख व्याजाने काढले असतील तर तेवढाही राहत नाही. हे आपण एका फोनने करतो.

मीही केलंय. २०२२ च्या हिवाळ्यात, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वितरकाला मी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने माल लावला. ते नको म्हणत होते, मी आग्रह केला. तो भाग ऊसतोडीला जाणारा. दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात, नवरा-बायको, लेकरंबाळं, बैलं, सगळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं उरतात. माल पडून राहिला, मार्चपर्यंत बिस्किटांची मुदत संपत आली. वितरकांनी मला एक शब्द लावला नाही. फक्त म्हणाले, "साहेब, तुम्ही लातूरचे. तुम्हाला कुलूप लागलेला तांडा दिसला नसंल."

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी त्यांच्यासोबत दोन दिवस फिरलो. मुकादमाची उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, हातात आली की निघायच्या आधी बाया तोडीच्या अड्ड्यावर पुरेल एवढा किराणा भरतात: चहा पत्ती, कपड्याचा साबण, तेल, तिखट. आम्ही माल त्या पंधरा दिवसांवर लावला आणि नोव्हेंबर ते मार्च टार्गेट कमी मागून घेतलं. साहेबांना पटवायला तीन मीटिंगा लागल्या. आता त्या तालुक्याचं वर्षाचं कोष्टकच वेगळं आहे.

सगळ्यात अवघड गेला तो मागचा सप्टेंबर. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेचा निर्णय आला: साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर, २२ तारखेपासून. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण त्या दिवसापासून दुकानदारांनी खरेदी थांबवली; स्वस्त होणारा माल आधी कोण घेणार? वितरकाने १८ टक्के भरून घेतलेला माल नंतर ५ टक्क्यांनी विकला, आणि कराच्या फरकाचं क्रेडिट जीएसटीच्या खात्यात, त्याच्या लेजरला, जमा होऊन बसलं. कागदावर पैसे त्याचेच, हातात नाहीत. मला ती भाषा चांगली कळते. सहाही वितरकांकडं जाऊन मी एकवीस तारखेच्या रात्रीपर्यंत साठा बॅचप्रमाणे मोजून घेतला, म्हणजे पुढं कंपनीकडून येणाऱ्या क्रेडिट नोटमध्ये, म्हणजे फरक वळता करायच्या कागदात, वाद नको.

आणि त्याच आठवड्यात आभाळ फाटलं. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडं पाणी गावांत शिरलं, काढणीला आलेलं सोयाबीन वाहून गेलं. त्या भागातल्या माझ्या वितरकाच्या गोदामात गुडघाभर पाणी होतं. रस्ता खुला झाला त्या दिवशी मी पोचलो. काका बाहेर ओट्यावर बसले होते. आम्ही दोघं आणि एक हमाल, तीन दिवस खोकी काढत होतो. खालच्या थराचा लगदा झालेला. वरचे पुडे कोरडे दिसत होते, पण बिस्किटांना ओल लागली होती. काका म्हणाले, हे तरी अर्ध्या भावात काढू का? मी नाही म्हणालो. खड्डा खणून पुरलं, फोटो काढले, बॅच नंबर लिहिले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

विमा होता. पण साठ्याची रक्कम तीन वर्षांपूर्वीची लिहिलेली, धंदा मात्र तेव्हापासून दुपटीवर गेलेला. विमा जेवढ्या प्रमाणात कमी, भरपाई तेवढ्या प्रमाणात कापली जाते. मी दर महिन्याला त्या गोदामात जात होतो, फळ्या मोजत होतो, आणि ही पॉलिसी एकदाही उघडून पाहिली नव्हती. आता सहाही खात्यांच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर विम्याची रक्कम आणि तारीख आहे. पोरांनो, तुम्ही या कामात आलात तर पहिल्या भेटीत हे विचारा. ऑर्डर नंतर घ्या.

दिवाळीचं टार्गेट त्या भागापुरतं निम्मं करून मिळालं. काकांनी पुन्हा गाडी सुरू केलीय. दुकानदारांची उधारी मात्र पुढच्या सोयाबीनपर्यंत सुटेल असं वाटत नाही, ती आम्ही तुकड्या-तुकड्याने बांधून घेतोय. कल्पना आप्पांची, रोज शंभराची.

आप्पांच्या चौदा हजार सहाशेंपैकी अजून काही आलेलं नाही. संस्थेवर अवसायक, म्हणजे बुडालेल्या संस्थेची देणी-घेणी मिटवणारा अधिकारी, नेमलेत, त्यांच्याकडं अर्ज आहे. येत्या सोमवारी मी सुट्टी काढलीय, आम्ही दोघं पुन्हा जाऊन येणार आहोत. पासबुकाबरोबर पावत्याही लागतील म्हणून आप्पांनी खिळ्यावरची सगळी चळत काढून पिशवीत भरलीय. त्यात माझ्या एजन्सीच्या चोवीस पावत्याही आल्यात. वेगळ्या काढू का विचारलं तर म्हणाले, राहू दे.