पवनचक्की फिरते, आता मोजायचं काय?

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की पालक हमखास विचारतात, "मॅडम, पोराने पवनचक्की केलीय, छान फिरते. पण परीक्षक म्हणतात हे नुसतं मॉडेल झालं, यात प्रयोग कुठाय?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

केलेली पवनचक्की मोडू नका. तिच्या जोडीला फक्त एक मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आणि 100 ओहमचा एक रोधक (रेझिस्टर) आणा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत दोन्ही मिळतं. रोधकावर तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे बघून घ्या.

एलईडी लागला की नाही, एवढ्यावर बहुतेकांचं यशापयश ठरतं. लाल एलईडीला साधारण 1.8 व्होल्ट लागतात आणि चक्कीने फिरून वीज देणारी खेळण्यातली मोटर टेबलफॅनच्या वाऱ्यावर पुष्कळदा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहते. दिवा लागत नाही, पोर हिरमुसतं. मल्टिमीटर 2000 मिलिव्होल्टवर लावा, तिथे 400 दिसतील. प्रयोगाला तेवढे भरपूर झाले.

आता एकच गोष्ट बदलायची. मी पात्यांचा कोन सुचवते, कारण त्याला खर्च नाही. पुठ्ठ्याचं पातं काडीला चिकटवलेलं, काडी बुचात खोचलेली. काडी पिळली की कोन बदलला. कंपासपेटीतला कोनमापक बुचाला टेकवून मोजा. पातं पंख्याकडे पूर्ण तोंड करून असेल तेव्हा 0 अंश धरा, मग 10, 20, 30 असं पुढे जा. सगळी पाती एकाच कोनात हवीत, यातच खरा वेळ जातो आणि तो जाऊ द्या.

बाकी सगळं जागच्या जागी. पंख्याची मान हलती नको, अंतराची खडूने खूण, छताचा पंखा बंद. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं आणि पंख्याचा वेगही बदलतो. म्हणून सगळे कोन झाल्यावर, चक्की ज्याला फिरली असा पहिला कोन पुन्हा लावून बघा. आकडा पहिल्यासारखा आला नाही, तर मधल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक कोनाला किमान तीन वाचनं घ्या, सरासरी काढा, पण तिन्ही आकडे वहीत राहू द्यात.

रोधक विसरू नका. मोटरच्या दोन वायरींना काहीच जोडलं नाही तर व्होल्ट दिसतात, पण काम होत नाही, ते फक्त फिरण्याचा वेग सांगतात. रोधक जोडला की वीज खर्च होते, आकडा खाली येतो आणि तोच आपल्याला हवा असतो. व्होल्टचा वर्ग करून 100 ने (रोधकाच्या ओहमने) भागा, शक्ती वॅटमध्ये मिळते: 0.4 व्होल्टला 1.6 मिलिवॅट, 0.8 व्होल्टला 6.4. व्होल्ट दुप्पट, शक्ती चौपट. नववी-दहावीच्या मुलाने हे गणित स्वतः केलं, की परीक्षकांसमोर त्याला पाठांतराची गरज उरत नाही. आकडे लिहायचं काम मात्र आई-बाबांनी करू नये, हे मी कळकळीने सांगते.

0 अंशाला चक्की ढिम्म हलत नाही, 90 लाही नाही. बऱ्याचदा 45 च्या बऱ्याच खाली कुठेतरी सर्वाधिक शक्ती मिळते. गंमत अशी, की अगदी लहान कोनात चक्की आपणहून सुरूच होत नाही, बोटाने ढकलली की मात्र सुसाट पळते. मुलं हे वाचन 'चुकलं' म्हणून खोडतात. खोडू नका, तक्त्यात 'आपणहून सुरू झाली का?' असा वेगळा रकाना करा. सुरू व्हायला सोयीचा कोन वेगळा आणि जास्त वीज देणारा वेगळा, म्हणून तर आजच्या मोठ्या पवनचक्क्यांची पाती वाऱ्याप्रमाणे वळवता येतील अशी बसवतात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पोराला पात्यांच्या बुडाशी बघायला सांगा.

आणि फलकावर 'पवनचक्की' एवढंच लिहू नका. 'पात्याचा कोन बदलला तर वीज किती बदलते?' असं लिहा, खाली आलेख लावा आणि चक्की त्याच्या शेजारी ठेवा.