खुल्या जागेचे पाचशे रुपये

उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस म्हटला की लोकांना वाटतं, कारकुनी काम. प्रत्यक्षात मतदानाच्या दिवशी दिसत नाही एवढा ताण त्या टेबलाभोवती असतो. मतदानात माणूस हरतो. छाननीत त्याला उभंच राहता येणार की नाही, ते ठरतं.

डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत मी चंदगड तालुक्यात होतो. कोल्हापूर जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून कृषी खात्यातल्या एक मॅडम होत्या आणि मी त्यांच्या मदतीला दिलेला महसूलचा अव्वल कारकून. अर्ज उघडायचे, जोडलेले कागद बघायचे, हरकत आली तर दोन्हीकडचं म्हणणं लिहून घ्यायचं, हे माझ्याकडे. सरपंचपद त्या वर्षी पुन्हा थेट जनतेतून झालं होतं. २०१७ ला आलेला तो कायदा २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये परत आला. त्यामुळे गावोगावी चुरस होती. शेवटच्या दोन दिवसांत वेबसाइट दमली, म्हणून आयोगाने कागदी अर्जही घ्यायला सांगितले. ५ डिसेंबरला आमच्यासमोर गठ्ठे होते.

आमच्या जिल्ह्यात हरकतीची तयारी अर्ज भरण्याच्या आधी सुरू होते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालंय का, घरफाळा थकलाय का, गोठ्याची भिंत गायरानात गेलीय का, १९९५ नंतरचा जन्म असेल तर सातवी पास आहे का, हे सगळं समोरच्या पॅनेलने काढून ठेवलेलं असतं. हरकती ऐकून ऐकून दुपारपर्यंत डोकं सुन्न झालं होतं. तेवढ्यात त्या ताईंच्या गावाचा पुकारा झाला.

चाळिशीच्या असतील. सोबत पॅनेलचे दोघंतिघं, आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. अर्ज अनुसूचित जाती स्त्री या जागेसाठी. विरोधी पॅनेलचे वकील उठले आणि एकच मुद्दा मांडला: जातीचा दाखला कर्नाटकातला आहे.

मी दाखला बघितला. कानडीत होता, सोबत नोटरी केलेलं मराठी भाषांतर. माहेर हुक्केरी तालुक्यातलं. त्याच्या मागे नवऱ्याचा महाराष्ट्रातला दाखला जोडलेला. दोघांची जात एकच. पॅनेलवाल्यांना वाटलं होतं, नवऱ्याचा दाखला लावला की भागलं. पण जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. बाईला वडिलांकडचेच कागद लागतात. आणि अनुसूचित जातींची यादी राज्यघटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे त्या त्या राज्यापुरती असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० सालीच सांगून ठेवलंय की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथलं आरक्षण त्याला आपोआप मिळत नाही. दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचा हवा, आणि त्याची पडताळणी किंवा पडताळणीला अर्ज केल्याची पोच हवी. ताईंकडे ती असणं शक्यच नव्हतं.

मॅडमनी त्यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

पॅनेलचे अण्णा बोलायला लागले. मॅडमनी त्यांना थांबवलं. "उमेदवाराला बोलू द्या."

ताई उभ्या राहिल्या. "लगीन होऊन आलो तवापास्नं हितंच हाय मी. मत हितंच घालतो. बचत गट हितंच चालवतो. जात काय शिवंवर उतरून ठेवून येतंय काय मॅडम?"

खोलीत कुणी बोललं नाही. वकीलसाहेबसुद्धा कागदाकडे बघत राहिले.

त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. १९५६ पर्यंत हुक्केरी आणि चंदगड हे एकाच बेळगाव जिल्ह्यातले तालुके होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे ताईंच्या आजीने हेच लग्न केलं असतं तर ते जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झालं असतं. इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे देणं कधी थांबलं नाही. सोयरीक जुळवताना कुणी राज्य बघत नाही, आणि बघूही नये. पण २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. राखीव जागेवर उभं राहायचं तर माहेरचा कागद लागतो. पुरुषाला सासरवाडी कुठली हे कुणी विचारत नाही. त्याचा दाखला गावातच असतो. सीमेपलीकडून आलेल्या बाईलाच ही अडचण येते. ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांच्यातलीच ही बाई, आणि तिलाच दार बंद. ग्रामपंचायतीसारख्या जागेसाठी तरी, जिथे गावात राहणं हाच पहिला निकष आहे, तिथे कायद्याने लग्नाने आलेल्या बाईचा वेगळा विचार करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आदेश मताप्रमाणे लिहिता येत नाही. किरकोळ त्रुटीवर अर्ज फेटाळू नये हे आम्हाला प्रशिक्षणात बजावून सांगितलेलं असतं. नावात काना-मात्रेचा फरक, राहिलेला रकाना, असल्या गोष्टी मॅडम सकाळपासून बाजूला सारत आल्या होत्या. ही त्रुटी तशी नव्हती. अर्ज नामंजूर झाला.

ताईंचा दुसरा अर्ज होता. सर्वसाधारण स्त्रीच्या जागेसाठी. तो त्यांनी पॅनेलला न सांगता भरला होता, हे अण्णांच्या चेहऱ्यावरून कळलं. वकील लगेच उठले: पहिल्या अर्जातला दाखला ग्राह्य नाही, मग अनामतीची सवलतही ग्राह्य नाही, सबब दुसरा अर्जही फेटाळावा. मुद्दा बिनतोड होता. सर्वसाधारण उमेदवाराला पाचशे रुपये अनामत, राखीव प्रवर्गातल्याला शंभर. खुल्या जागेवर उभं राहतानाही राखीव प्रवर्गातला उमेदवार शंभरच भरतो आणि दाखला जोडतो. ताईंनी शंभर भरले असते तर दुसरा अर्जही तिथेच गेला असता.

मी पावती काढली. पाचशे.

मॅडमनी पावती वकिलांपुढे धरली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि हरकत मागे घेतो म्हणाले.

"पाचशे का भरलेत?" मॅडमनी विचारलं. नियमाने विचारायची गरज नव्हती.

"खुल्या जागेला खुल्यागतच भरायचं म्हटलं," ताई म्हणाल्या. "कुणाचं कमी नको नि जास्त नको."

मुलगी मागे उभी होती. नंतर कळलं, आयोगाच्या सूचना तिने वाचून काढल्या होत्या आणि दाखल्याची शंका तिलाच आली होती. पॅनेलला सांगितलं तर कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं नाही की घ्यायचं नव्हतं, हे मी सांगू शकत नाही. राखीव जागेवर पॅनेलच्याच दुसऱ्या एका बाईंचा डमी अर्ज होता आणि तो मंजूर झाला.

खरी परीक्षा पुढे होती. ७ डिसेंबर, दुपारी तीनपर्यंत माघार. सर्वसाधारण स्त्रीच्या जागेवर अण्णांच्या घरातल्या वहिनी उभ्या होत्या. सकाळपासून तहसीलच्या आवारात ताईंभोवती माणसं. भावकीतले, सोसायटीतले, बचत गटाचं कर्ज मंजूर करणारे. "ताई, पुढच्या टर्मला बघूया की." "गावात वाकडं नको." माघारीचा भरलेला अर्ज त्यांच्या हातात होता, फक्त सही राहिली होती. माघार उमेदवाराने स्वखुशीने घ्यायची असते. मॅडमनी बाहेर येऊन त्यांना एकटीला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं, आणि दार ओढून घेतलं. कुणी काही सांगितलं नाही, सुचवलं नाही. फक्त त्या खोलीत तेवढा वेळ दुसरं कुणी नव्हतं.

तीन वाजले. माघारीच्या अर्जावर सही झालीच नाही आणि चिन्हवाटपात ताईंना शिलाई मशीन मिळालं.

१८ डिसेंबरला मतदान झालं, २० ला मोजणी. ताई पडल्या, थोडक्या मतांनी. मोजणीच्या टेबलावर शेवटपर्यंत उभ्या होत्या. निकाल लागल्यावर माझ्याकडे आल्या आणि पहिल्या अर्जाच्या नामंजुरीच्या आदेशाची नक्कल मागितली.

"निवडणूक झाली ताई, आता कशाला?"

"माझ्या लेकीचा दाखला बापाकडनं हितलाच हाय. तो चालतोय. पण तिला तिकडं दिली तर हेच व्हणार न्हवं? मग कुणाकडं तरी अर्ज करायला पायजे. हातात कागद असू दे की."

नकलेचा अर्ज मी स्वतः लिहून दिला, शिक्का मारून नक्कल त्याच दिवशी काढून दिली. मुलीने ती वाचली, कलमांवर पेन्सिलने खुणा केल्या, आणि मला विचारलं, "सर, घटनापीठाचा तो निकाल कुठं वाचायला मिळेल?"