तुम्ही विचारलंत म्हणून: पेटंट संपलं, मग घरातल्या गोळ्या टाकायच्या का?

मेडिकल स्टोअर चालवतो, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो, आणि मार्च 2025 मध्ये शुगरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्याची बातमी आली तेव्हापासून तर फारच. "पेपरात आलंय एक्स्पायर झालं म्हणून, घरी दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवल्यात, टाकून देऊ का?" नाही हो, अजिबात टाकू नका. संपला तो कंपनीचा हक्क, तुमच्या गोळीला काही झालेलं नाही.

पेटंट असेपर्यंत ते औषध बनवायचा आणि विकायचा हक्क एकाच कंपनीकडे असतो, अर्ज केल्या तारखेपासून 20 वर्षं, आणि त्यातली बरीच वर्षं ट्रायल आणि परवानग्यांतच जातात. मुदत संपली की बाकीच्या कंपन्या तेच औषध काढतात आणि भाव धाडकन खाली येतो. एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी साधारण 60 रुपयांना एक पडायची, काही कंपन्यांनी ती 10 रुपयांच्या आत आणली. रोज एक, वर्षानुवर्षं, करा हिशोब. त्यामुळे अशी बातमी वाचली की गोळ्या बंद करू नका, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारा, यातला स्वस्त ब्रँड लिहून द्याल का.

हा हक्क लांबवायचे प्रयत्नही होतात बरं का. टीबीच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या एका सॉल्टवर, म्हणजे त्याच्याच एका रासायनिक रूपावर, आणखी पेटंट मागितलं होतं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली, दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, उपचारात दोघींचं ऐकू येणं गेलेलं. मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. गिऱ्हाइकांना मी हे आवर्जून सांगतो.

स्ट्रिपवरची तारीख मात्र तुमच्या हातातल्या त्या बॅचची. 06/2027 असेल तर जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत, आणि तेही पाकिटावर लिहिलंय तसं ठेवलं तरच, म्हणजे 30 डिग्रीच्या खाली लिहिलं असेल तर ओट्यावर गॅसशेजारी नाही. उघडल्यावर तर हिशोबच बदलतो. डोळ्यांचे ड्रॉप्स फोडले की बहुतेक महिनाभर, इन्सुलिनची चालू बाटली साधारण 28 दिवस, छापलेली तारीख वर्षभर पुढची असली तरी.

आणि चार गोळ्या कापून नेता तेव्हा तारखेचं टोक बरेचदा दुकानातच राहतं. बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, ते बिल गोळ्यांनाच रबर लावून ठेवा, आणि अख्खी स्ट्रिप असेल तर तारखेच्या उलट्या टोकाकडून गोळ्या काढत जा.