यवतेश्वर घाट: या महिन्यात फक्त उतार

आधी आठवड्याच्या पळण्याचा हिशेब. मंगळवारी ६ किमी सपाटीवर, गुरुवारी ८, शनिवारी दांडी (दुकानात दोन मोटरी जळून आल्या होत्या, रात्रीचे बारा वाजले), रविवारी साताऱ्याजवळचा हा घाट धरून १४. एकूण २८. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी ५४. वहीच्या पहिल्या पानावर ती ८८ आहे, २०१७ ची दिवाळी.

नव्या मंडळींसाठी मागचं थोडक्यात. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दिवसभर स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळायची, तासाला अर्धा चहा आणि चहामागे सिगारेट. दिवसाला पंधरा तरी व्हायच्या. वजन ९६. त्या दिवाळीत पोराला किल्ल्यासाठी माती हवी होती म्हणून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने निघालो. अर्ध्या वाटेत गोणपाट टाकून खाली बसलो. पोरगं म्हणालं, "बाबा, तुम्ही थांबा, मी आणतो." सात वर्षांचं पोरगं! सिगारेट त्या दिवशी काही सुटली नाही, पुढे चार महिने लागले. शरीरातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो म्हणे, पण चहाचा कप उचलला की दुसरा हात खिशाकडे जातो, त्याला जास्त वेळ लागतो. मी चहाची जागाच बदलली. टपरी सोडून दुकानातच थर्मास ठेवला.

मग पळायला लागलो आणि तेही सिगारेटसारखंच. रोज, जास्त, अजून जास्त. सातव्या महिन्यात नडगी इतकी दुखायला लागली की दुकानाची पायरी चढताना भिंत धरायचो. व्यसनी माणूस व्यसन सोडत नाही, नग बदलतो, हे मला स्वतःवरूनच कळलंय. पहिली सातारा हिल हाफ मॅरेथॉन (घाटातली २१ किमीची शर्यत) ३ तास १२ मिनिटांत पूर्ण केली, गेल्या वर्षी २ तास ३१. मधल्या वर्षांत जो काही वेळ कमी झाला तो बहुतेक सावकाश पळून झाला.

आता गटाबद्दल. शाहू स्टेडियमवर अकरा जण येतात. मी स्वतःला कोच म्हणवत नाही, पण शिट्टी माझ्याकडे असते. मागच्या वर्षीची चूक इथे लिहून ठेवतो: तिसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना घाटात नेलं. मला जमतं म्हणजे त्यांना जमेल, हा माझा हिशेब. बँकेतल्या ताई, वय ५२, दीड महिना घरी बसल्या. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाल्या, "अरे, तू मोटरीला एकदम फुल लोड देतोस का?" उत्तर नव्हतं. रिवाइंड केलेली मोटर मी आधी रिकामी फिरवून बघतो, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून यंदा सहा आठवडे फक्त सपाटी. आणि वेगाची परीक्षा घड्याळावर न घेता पाढ्यावर. पळता पळता सतराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. प्रत्येक ओळीला धाप लागली तर वेग कमी करा. अडचण एवढीच की दोघांना पाढाच येत नाही. ते सतरा सत्तेला अडकतात आणि दम लागला असं सांगतात. त्यांना बाराचा दिलाय.

या महिन्यात उतार. सप्टेंबरच्या शर्यतीत जाताना चढ आणि येताना उतार, आणि बहुतेकांचा घात उतार करतो. चढताना फुफ्फुसं ओरडतात, ते ऐकू येतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, ते तेव्हा कळतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. गंमत अशी की एकदा बेतानं उतार सोसला की पुढचे काही आठवडे तोच उतार तितका छळत नाही. म्हणून आता थोडाथोडा: पहिल्या रविवारी वरून फक्त दीड किलोमीटर पळत, बाकी चालत. परवा तीन झाले. पावलं छोटी, पाय कमरेखाली पडला पाहिजे, टाच पुढे फेकायची नाही. माझ्या मागे पळणाऱ्यांना सांगतो, माझ्या बुटांचा आवाज ऐका, "थप थप" जोरात आला तर मला शिवी द्या. परवा दोनदा खाल्ली.

धुकं एवढं होतं की पुढच्या माणसाचं पिवळं जॅकेट तेवढं दिसत होतं. डांबरावर शेवाळ आहे, वळणाच्या आतल्या कडेनं जाऊ नका. कासला जाणाऱ्या गाड्या सातनंतर वाढतात, त्याआधी खाली आलेलं बरं.

बूट ओले झाले की आत वर्तमानपत्र कोंबा, तासाभरानं बदला. रविवारची रंगीत पुरवणी पाणी पीत नाही, आतली साधी पानं घ्या. आमच्याकडे शब्दकोड्याचं पान गेलं म्हणून घरात बोलणी बसली.

ताई परत आल्यात. परवा त्या तीनही किलोमीटर माझ्या मागे होत्या आणि दुसरी शिवी त्यांचीच. पुढचा रविवार: समर्थ मंदिर चौक, पहाटे ५:३०. पाठीमागे लावायचा लाल दिवा ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणा, माझ्याकडे दोनच आहेत.