काटा अजून हलतोय

"बाबा, हे अजून हलतंय!"

लेकीच्या मनगटात मधमाशीचा काटा रुतला होता. टोकाला इवलीशी पांढरट पिशवी. माशी केव्हाच उडून गेली होती, पण पिशवी आपली धडधडतच होती. मी नखाने काटा खरवडून काढला.

त्या काट्याला उलटे दाते असतात. आपल्या चिवट कातडीत तो अडकतो आणि माशीचं पोट फाटून विषाची पिशवी, स्नायू, त्यांना हलवणारी मज्जातंतूंची गाठ सगळं मागे राहतं. म्हणून माशी नसतानाही विष आत ढकललं जातं. आणि हे करते ती कामकरी मादी. नराला काटाच नसतो.

माशी कुंडीच्या कडेला सापडली. पाय हळूहळू हलत होते. लेक मनगट चोळत तिच्याजवळ बसून राहिली.

"माझा हात चुकून पडला, बाबा. तिला कसं सांगायचं?"