सुयांनी गिळता येतं का?

"मॅडम, सुया टोचल्या तर बाबांना गिळता येईल का?" पक्षाघाताच्या पेशंटला नाकातून नळी घातली की कुणीतरी नातेवाईक हे विचारतोच. मी स्वतः गिळण्याची थेरपी देते, म्हणजे ॲक्युपंक्चर माझं प्रतिस्पर्धीच. तेव्हा माझं बोलणं जरा पारखूनच घ्या.

परवा एका मुलाने मोबाइलच पुढे धरला. गिळण्यासाठी सुया टोचून पाहिलेल्या 72 चाचण्या, सहा हजारांवर पेशंट, फायदा दिसतो. खोटं काहीच नव्हतं. लाँग आणि वू या संशोधकांनी 2012 मध्ये या चाचण्यांचं तसं संकलन छापलंय. मात्र या चाचण्यांचा दर्जा हलका आहे, हेही त्यांनीच लिहिलंय आणि ते वाक्य स्क्रीनच्या खाली राहिलं होतं. 2008 मध्ये कॉक्रेनच्या (उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) समीक्षकांनी नुकत्याच झालेल्या पक्षाघातापुरती कडक चाळणी लावली, तेव्हा एकच चाचणी उरली. पेशंट 66.

खरी मेख वाटणीत आहे. पुष्कळांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. हलका झटका आलेले पेशंट सुयांच्या गटात जास्त गेले, की न टोचताही सुई जिंकते. म्हणून कुणाला सुया द्यायच्या ते चिठ्ठी टाकूनच ठरवायचं, आणि चिठ्ठी आधी कुणाला दिसता कामा नये. चिनी नियतकालिकांत अशी वाटणी केल्याचं छापणाऱ्या लेखकांना चीनमधल्याच चेंगदू शहरातल्या संशोधकांनी (हो, विचारणारेही चिनीच) थेट फोन लावले. वेगवेगळ्या 20 आजारांच्या 2,235 चाचण्यांपैकी फक्त 207 मध्ये ती नीट झाली होती. हे 2009 मध्ये छापून आलं. बहुतेकांना चिठ्ठी टाकणं म्हणजे नेमकं काय, हेच नीट ठाऊक नव्हतं.

त्याआधी 1998 मध्ये आणखी एक पाहणी झाली होती. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली ॲक्युपंक्चरची तपासलेली प्रत्येक चाचणी यशस्वी! ज्या शाळेत कुणीच नापास होत नाही, तिच्या निकालाकडे आपण कसं बघतो?

गिळणं सुधारलं का, या मोजणीचंही तसंच. 30 मिली पाणी पाजायचं, ठसका लागतो का बघायचं, आणि 'बरा' व 'थोडा बरा' एकाच बेरजेत घालायचे. पण काहींचं पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि ठसका लागतच नाही. माझी झोप उडवतात ते हेच पेशंट. ते एक्स-रेच्या व्हिडिओत किंवा नाकातून दुर्बीण घालूनच सापडतात.

म्हणून सुयांचा उपयोग होत नाही असंही मी म्हणत नाही. त्या मुलाला सांगितलं, टोचून घ्यायचं तर घ्या, फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हे तिथे आधी सांगा. आणि सुया झाल्या म्हणून नळी काढू नका, आधी तपासणी करू.

"मग चमचाभर चहा तरी?"

"चहा नाही, पाणीही नाही. गुरुवारी तपासणीला आणा."