चकती क्र. ४: तीच चकती, पण आता चुंबक तरंगतो

रविवारी रात्री माझ्या वायबीसीओच्या चकतीवर चुंबक तरंगला! (वायबीसीओ म्हणजे यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा अतिसंवाहक: खूप थंड केला की विजेला विरोध न करणारा आणि चुंबकाला दूर लोटणारा पदार्थ.) उंची जेमतेम तीन मिलिमीटर, पण मधून कागदाची पट्टी आरपार सरकवली आणि ती कुठेही अडली नाही.

मागच्या वेळी हीच चकती हिरव्या झाकेशिवाय (ती झाक म्हणजे २११ नावाचं नको असलेलं संयुग) काळीभोर निघाली होती, तरी ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, चुंबक तिच्यावर नुसता पडून राहिला. मिश्रण चुकलं असं वाटून सगळा हिशेब पुन्हा केला: यिट्रियम ऑक्साइड २.२६ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ७.८९, कॉपर ऑक्साइड ४.७७. प्रमाण बरोबर होतं. चुकलं होतं ते शेवटी. ९४० अंशांवर भाजून झाल्यावर चकती मी घाईने बाहेर काढली. एवढ्या उष्णतेत वायबीसीओतला बराच ऑक्सिजन निघून जातो, आणि सावकाश निवू दिलं तरच तो परत आत शिरतो.

म्हणून नवीन चकती केलीच नाही. तीच भट्टीत ठेवली, नळीतून ऑक्सिजन सोडला, ४५० अंशांवर १८ तास ठेवली आणि रात्रभर भट्टीतच निवू दिली. आधी वजन ३.०२ ग्रॅम होतं, नंतर ३.०६ भरलं. चाळीस मिलिग्रॅम ऑक्सिजन!

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे. वायबीसीओच्या सूत्रात ऑक्सिजन ६ असेल, तर थरांमधल्या तांब्याचे स्पिन (अणूंची इवलीशी चुंबकं) एक वर, एक खाली असे आळीपाळीने उभे असतात. ते एकमेकांना खोडतात, त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जाणवतच नाही. ही अँटिफेरोमॅग्नेटिक शिस्त इतकी चिवट की सुमारे ४१० केल्विनपर्यंत, म्हणजे उकळत्या पाण्याहूनही वर टिकते. ऑक्सिजन ७ कडे गेला की तो थरांमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, शिस्त मोडते, आणि तोच पदार्थ ९२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. १९८७ मध्ये हा पदार्थ सापडण्याआधी अतिसंवाहकांसाठी सहसा द्रव हेलियमच्या मागे लागावं लागायचं; याला द्रव नायट्रोजन पुरतो. माझा नायट्रोजन गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पुरवठा करणाऱ्याकडून येतो.

दोन्ही तऱ्हांनी थंड करून पाहिलं. चकती आधी गार करून मग चुंबक सोडला, तर तो कडेला घसरत राहतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चुंबक ठेवून दोन्ही एकत्र गार केली आणि मग पुठ्ठा काढला, तर तो जागा सोडत नाही. टूथपिकने बाजूला ढकलला की परत येतो, पण स्वतःभोवती मात्र निर्धोक गरगर फिरतो. चुंबकाच्या बलरेषा चकतीत अडकून बसल्यात त्या अशा दिसतात.

पकड अजून कमजोर आहे, कारण भाजलेल्या चकतीत कण एकमेकांना धड जोडलेले नसतात. पुढच्या खेपेला वितळवून अगदी हळू निववायचंय, आणि ज्या हिरव्या २११ ला इतके दिवस टाळलं, तेच मुद्दाम थोडं जास्त घालायचंय. बलरेषा अडकवायला त्याचे बारीक कण कामी येतात. त्यासाठी तासाला एक अंश उतरवणारा कंट्रोलर आधी बसवतो. तोवर चकती सिलिका जेलच्या डबीत बंद आहे, दमट हवेने ती खराब होते.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे, खलताना मास्क आणि हातमोजे घालाच.